पाण्यावरची भाजी की मातीतली? आधी विहिरीचं पाणी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात आयटीत नोकरी करतो. जुन्नर तालुक्यात वडिलांची दोन एकर जमीन, एक विहीर आणि चार जनावरं आहेत. दहा गुंठ्यांवर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना पाण्यावरची शेती, करावी असं मनात आहे. पाणी कमी लागतं, उत्पन्न दहापट येतं, औषध मारावं लागत नाही आणि माल सेंद्रिय म्हणून चढ्या भावाने जातो, असं सांगतात. वडील म्हणतात, त्यापेक्षा सरळ सेंद्रिय शेती कर, नाहीतर निदान गुरांसाठी मातीविना चारा तरी कर. कोणाचं ऐकू?"

मी जवळच्याच खेड तालुक्यातली. १४ वर्षं अडीच एकरावर सेंद्रिय भाजीपाला करते. त्यातली ८ वर्षं घरामागच्या ५ गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये पाण्यावरची पालेभाजीही घेते. दोन्हींवर घर चालतं, त्यामुळे एकीची बाजू घेऊन दुसरीला नावं ठेवायचं मला कारण नाही. तुम्हाला सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पाण्याची खरी आहे, उत्पन्नाची आणि औषधाची अर्धवट आहे, आणि सेंद्रियची साफ खोटी आहे. खोटीपासूनच सुरुवात करते, कारण तिच्यात गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

हायड्रोपोनिक्सच्या टाकीत आपण काय टाकतो? कॅल्शियम नायट्रेट, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट), शून्य-बावन्न-चौतीस (पोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेली राहावीत म्हणून बांधून ठेवलेली, सूक्ष्म अन्नद्रव्यं. तुमच्या भागातले द्राक्षबागायतदार ड्रिपमधून सोडतात तीच ही विद्राव्य खतं, फक्त जास्त काटेकोर मोजलेली. कारखान्यात तयार झालेली ही नायट्रेटची खतं सेंद्रियच्या कुठल्याही प्रमाणीकरणात बसत नाहीत. आपल्याकडे २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी आहे. त्यात शेत सेंद्रियमध्ये आणायचं तर हंगामी पिकांना २ वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना ३ वर्षं रूपांतर काळ धरतात. तो काळ जमिनीचा असतो. जिथे जमीनच नाही, तिथे रूपांतर कशाचं करणार? गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून हमी द्यायची पीजीएस ही दुसरी, स्वस्त वाट आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार 'सेंद्रिय' असं लिहून विकायला या दोनपैकी एक लागतं. लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला दाखल्याची सवलत आहे, पण माल सेंद्रिय पद्धतीने पिकवण्यातून सवलत नाही.

बाहेरच्या देशांतही यावर भांडणं झाली आहेत. युरोपीय संघाने २०१८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की सेंद्रिय पीक जिवंत मातीतच वाढलं पाहिजे, आणि हायड्रोपोनिक्सला दार बंद केलं. अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय मंडळाने २०१० मध्ये मातीविना पिकांना सेंद्रिय म्हणू नये अशी शिफारस केली होती. २०१७ मध्ये बंदीचा ठराव मात्र ८ विरुद्ध ७ मतांनी पडला, आणि तिथे मातीविना माल सेंद्रिय शिक्क्याने विकला जातो. पण तिथेही टाकीतलं अन्न सेंद्रिय मूळाचंच लागतं, कारखान्याची नायट्रेट चालत नाहीत. तेव्हा तुमच्या खोक्यावर 'मातीविना, पाण्यावर वाढवलेली भाजी' असंच छापा. मी आठ वर्षं तसंच लिहिते. आठवडी बाजारात माझ्या टेबलावर दोन वेगळ्या टोपल्या असतात, आणि विचारलं की दोन मिनिटं थांबून फरक सांगते. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट टिकतं.

आता मूळ फरक. आपल्या शेतकऱ्याला एक शब्द ठाऊक आहे, त्यावरून हायड्रोपोनिक्स चटकन समजतं: वाफसा. जमिनीच्या पोकळ्यांत पाणीही हवं आणि हवाही हवी, तेव्हा पांढरी मुळी धावते. पाणी जास्त झालं की मुळी गुदमरते, कमी झालं की सुकते. हायड्रोपोनिक्स म्हणजे माती काढून घेऊन चोवीस तास वाफसा टिकवायचा उद्योग. एनएफटी पद्धतीत पाइपमधून पाण्याचा पातळ पदर वाहता ठेवतात, म्हणजे मुळीचा खालचा भाग ओला आणि वरचा हवेत. डच बकेट नावाच्या बादल्यांत किंवा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, पिशवीत तोच वाफसा माध्यमातून मिळतो. झाडाला अन्न शेवटी नायट्रेट, अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा आयनांच्या रूपातच लागतं. ते शेणातून आलं की पोत्यातून, हे मुळीला कळत नाही.

मग फरक उरतो तो अन्न शिजवतं कोण, याचा. सेंद्रिय शेतीत हे काम जिवाणू, बुरशी, गांडुळं करतात. आपण मातीला जेवू घालतो आणि माती झाडाला. हायड्रोपोनिक्समध्ये आपण थेट झाडाच्या तोंडात घास देतो. गंमत बघा, दोन्ही विचार जवळपास एकाच काळात शास्त्र म्हणून उभे राहिले. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला शेण, काडीकचरा आणि राख थरांनी रचून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवत होते. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात गेरिके या शास्त्रज्ञांनी पाण्यावरच्या शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं. लगेच १९३८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी पोषणद्रावणाचं सूत्र छापलं. ते आजही जगभर वापरतात. पण त्याच लेखात त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली होती: चांगल्या, सुपीक मातीपेक्षा पाण्यावरचं पीक आपोआप जास्त येत नाही. यंत्रं विकणारे हे वाक्य कधी सांगत नाहीत. भारतातही ही गोष्ट नवी नाही. १९४६-४७ मध्ये कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी साध्या पेट्या आणि खडी-वाळू वापरून स्वस्तातली 'बंगाल पद्धत' करून दाखवली होती.

उत्पन्न दहापट दिसतं त्याची कारणं वेगळी आहेत. आत झाडं दाट बसतात. लेट्यूसची एका चौरस मीटरला वीस-बावीस रोपं सहज लागतात. रोपवाटिकेतून आलेलं रोप पस्तीस-चाळीस दिवसांत निघतं आणि लगेच दुसरं बसतं, मशागतीत दिवस जात नाहीत. आणि वर छत असतं, त्यामुळे पावसाळा वाया जात नाही. ॲरिझोनातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लेट्यूसचा हिशोब मांडला. त्यात एका किलोला हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर पाणी लागलं आणि तिथल्या उघड्या शेतात, तीही सेंद्रिय नव्हे तर नेहमीची शेती, २५० लिटर. उत्पादनही दर चौरस मीटरला दहापटीहून जास्त आलं. पण त्याच तक्त्यातला तिसरा आकडा कोणी वाचत नाही: ऊर्जा किलोमागे सुमारे ८२ पट लागली. हरितगृह गार-गरम ठेवण्यातच तिचा मोठा वाटा गेला. पाणी वाचलं ते विजेच्या मीटरवर येऊन बसलं, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे वीज म्हणजे फक्त बिल नाही, जीव आहे. एक एचपीची मोटर चोवीस तास चालली तर दिवसाला १८ युनिट होतात, तो खर्च एकवेळ धरता येतो. पण मला आठवतो तो तिसऱ्या वर्षीचा एप्रिल. दुपारी दोनच्या सुमारास वीज गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी त्याच आठवड्यात बसलेली. मी बाजारातून परत येईपर्यंत पाऊण तास गेला असेल. आत गेले तर सातशे-आठशे रोपांनी एकदम माना टाकल्या होत्या, जणू कोणी वरून हात फिरवून सगळी झोपवली. पाइपमधला पाण्याचा पदर सुकून मुळ्यांवर मिठाची पांढरी साय धरली होती. सासूबाई आणि मी बादलीने पाणी ओतत राहिलो. निम्मी रोपं उठली, निम्मी गेली. त्याच दिवशी बाहेर, त्याच उन्हात, आच्छादनाखालची वांगी आणि गवार काहीच झालं नाही अशी उभी होती. त्यांना चार दिवस पाणी मिळालं नव्हतं. माती ही बँकेतल्या शिलकीसारखी असते. हायड्रोपोनिक्स रोजंदारीवर जगतं. तेव्हापासून माझ्याकडे मोटर दोन, बॅटरी दोन, आणि वीज गेल्यावर फोन वाजवणारा अलार्म आहे. तुमच्या हिशोबात हे तीन खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

उन्हाळ्यात आणखी एक शत्रू असतो, तो दिसत नाही. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. मुळीला मात्र उष्म्यात जास्त प्राणवायू हवा असतो. टाकीतलं पाणी २७-२८ अंशावर गेलं की पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज सुरू होते. मुळी हातात घ्या, पांढरी आणि करकरीत असेल तर ठीक. पिवळट, बुळबुळीत आणि चिमटीत ओढली की साल सुटून आतली दोरी उरत असेल, तर तो पाइप गेला, आणि पाणी एकच असल्यामुळे बाकीचे रांगेत आहेत. मातीत एक झाड मेलं तर ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी टाकून शेजारचं वाचवायला वेळ मिळतो. इथे मिळत नाही. माझी टाकी जमिनीत पुरलेली आहे, वर पांढरा रंग आणि पाचटाची सावली. तरीही एप्रिल-मेमध्ये मी लेट्यूस लावत नाही. ते फुलोऱ्यावर जातं आणि कडू होतं. त्या दोन महिन्यांत बेझिल, पुदिना आणि पाइपची सफाई.

औषधाचं अर्धं खरं असं. तण नाही, मातीतून येणारी मर नाही, सूत्रकृमी नाही, म्हणून तणनाशक आणि जमिनीत ओतायची औषधं वाचतात. पण मावा, फुलकिडे, पांढरी माशी, लाल कोळी यांना छताखाली मेजवानीच असते. ऊब आहे, पाऊस नाही, त्यांना खाणारे ढालकिडे आणि शिकारी कोळी आत येत नाहीत. पॉलिहाऊसमध्ये कीड आली की उघड्या शेतापेक्षा वेगाने वाढते. काही जण मग गुपचूप फवारतात आणि खोक्यावर 'शून्य रसायन' छापतात. मी चाळीस मेशची जाळी, दोन दारांची खोली, पिवळे-निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल यावर भागवते, आणि कधीकधी एक अख्खी रांग उपटून जाळते. सेंद्रिय शेतात माझी निम्मी कामं चवळीवर बसलेले ढालकिडे करतात. हा फरक आकड्यात मांडता येत नाही, पण रोजच्या श्रमात कळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर तुमचा निर्णय ठरावा असं मला वाटतं: तुमच्या विहिरीचं पाणी. आपला सगळा भाग काळ्या कातळाचा. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. चहाच्या भांड्यावर पांढरा थर धरतो तो त्यामुळेच. पिण्याला हे पाणी बाधत नाही, शेतातही बरंचसं खपून जातं, कारण माती धक्का सोसते. टाकीत मात्र धक्का सोसायला काहीच नाही. लेट्यूसला द्रावणाचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, १.२ ते १.८ लागतो. विहिरीच्या पाण्याचाच ईसी १.० असेल तर खतासाठी जागाच उरत नाही. त्यात सोडियम असेल तर झाड ते घेत नाही, पाणी उडत जातं आणि सोडियम टाकीत साठत जातो. बायकार्बोनेटमुळे पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, वर चढत राहतो. लेट्यूसला साडेपाच ते साडेसहा हवा, आणि साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए या चिलेटमध्ये बांधलेलं लोह हळूहळू झाडाच्या हातातून सुटतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माणूस म्हणतो खत कमी पडलं, आणखी खत टाकतो, ईसी वाढतो, पानांच्या कडा जळतात. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. खत भरपूर होतं, पीएच ७.४ होता.

उपाय आहेत. फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाने बायकार्बोनेट मारायचं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हातमोजे-चष्म्याशिवाय नाही. आरओ बसवता येतो, पण त्याचं फेकपाणी कुठे सोडणार हे आधी ठरवा. मला सगळ्यात भावलेला उपाय म्हणजे छतावरचं पावसाचं पाणी. ५ गुंठ्यांचं छत म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३ लाख लिटर पाणी पडतं, वाया जाणारं सोडून अडीच लाख हाती लागतं, आणि त्याचा ईसी जवळपास शून्य. मी शेततळ्यात कागद घालून ते साठवते आणि विहिरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळते. त्या वर्षापासून आम्लाचा कॅन चौपट दिवस पुरतो.

एक गोष्ट प्रत्येक नवख्याकडून होते म्हणून सांगते. घट्ट द्रावणाच्या दोन टाक्या ठेवतात, 'अ' आणि 'ब'. कॅल्शियम नायट्रेट आणि लोह एकात, सल्फेट-फॉस्फेटवाली खतं दुसऱ्यात. दोन्ही घट्ट अवस्थेत एकत्र ओतली की डोळ्यांदेखत दूध फाटल्यासारखं होतं, तळाशी पांढरा गाळ बसतो. ते जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. तुमचे पैसे तळाशी बसले आणि झाड उपाशी. पातळ पाण्यात एक टाकून ढवळायचं, मग दुसरं.

सेंद्रियकडे वळते, कारण तिथेही तुम्हाला सोपं सांगितलं जाईल आणि ते सोपं नाही. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे जीवामृत एका एकराला. मी करते, दर पंधरवड्याला, आणि त्याचा गुण मला दिसतो. पण त्यातलं सगळं नत्र मोजलं तर पाव किलोच्या आसपास भरतं. एका एकराच्या पिकाला त्यावर कसं भागेल? जीवामृत म्हणजे विरजण आहे. विरजण चांगलं हवंच, पण आधी पातेल्यात दूध पाहिजे. ते दूध म्हणजे शेणखत, ताग-धैंचा गाडणं, डाळवर्गाचा फेरपालट, पाचटाचं आच्छादन आणि जमलं तर उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवणं. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरतात, म्हणजे टनाला ५ किलो, आणि तेही सगळं पहिल्या वर्षी सुटत नाही. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. आता गाड्या मोजा. चार जनावरांचं शेण दोन एकरांना पुरेल का, तर विरजण आणि थोडं दूध एवढं होईल. बाकीचं शेतातच पिकवावं लागेल.

माती सुधारायला वेळ का लागतो तेही आकड्यात बघा. एका हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती भरते सुमारे २२ लाख किलो. तिचा सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २,२०० किलो कर्ब मातीत टिकवायचा. टाकायचा नव्हे, टिकवायचा. आपल्या उन्हात टाकलेल्यातलं बरंच कुजून हवेत जातं. माझ्या शेताचा कर्ब पहिल्या तपासणीत ०.४२ होता. ०.७ च्या वर जायला मला नऊ वर्षं लागली. पहिली तीन वर्षं उत्पन्न घटलं, कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने पाणी पाजलं, आणि घरात रोज बोलणी बसली. २०१२ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास छापून आला होता. त्यात सेंद्रियचं उत्पन्न पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी दिसलं होतं. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर एक दिवस कुदळ मारली तर ढेकूळ हातात भाकरीसारखं मोडलं, आत गांडुळाची बिळं, आणि पावसानंतर पाणी बांधावरून वाहायच्या ऐवजी जागीच मुरलं. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता जमीन आपली झाली."

दोन्ही एकत्र करता येतील का, हा पुढचा प्रश्न येणारच. टाकीत रासायनिक खताऐवजी जीवामृत किंवा गांडूळपाणी सोडलं तर? मी केलंय. दोन पाइप वेगळे काढले, २०० लिटरच्या पिंपात गाळलेलं गांडूळपाणी. तिसऱ्या दिवशी फेस, चौथ्या दिवशी नाली तुंबल्यासारखा वास, आठवड्यात मुळ्या तपकिरी. कारण साधं आहे. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थावर जिवाणू तुटून पडतात आणि मुळीच्या वाट्याचा प्राणवायू संपवतात. शिवाय त्यातलं बरंचसं नत्र नायट्रेटच्या रूपात नसतं. ते रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना बसायला जागा हवी, हवा हवी आणि चार-सहा आठवडे हवेत. मातीत हे सगळं फुकट मिळतं. मासे आणि भाजी एकत्र वाढवतात त्या ॲक्वापोनिक्समध्ये खडीच्या गाळणीत हे जिवाणू वसवतात, आणि ते चालतं. पण मग तुम्ही मासेही सांभाळताय, हे लक्षात ठेवा.

तब्येतीचं विचारलंत तर, दोन्हींच्या पोषणात मला डोळे दिपवणारा फरक सांगता येणार नाही. वाण कोणता, कधी काढला आणि किती तासांत ताटात आला, याचा फरक जास्त पडतो. पालेभाजीत नायट्रेट साठतं ते ढगाळ हवेत आणि नत्र जास्त झालं की, दोन्हीकडे. मी पावसाळ्यात काढणीआधी दोन-तीन दिवस टाकी साध्या पाण्यावर ठेवते आणि शक्यतो दुपारनंतर काढते. चवीत लेट्यूस पाण्यावरचं सरस, कुरकुरीत. मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटो मात्र मला मातीतलेच आवडतात. मेथी-कोथिंबिरीचा हिशोबही पाण्यावर बसत नाही. जुडीला मार्केट यार्डात जो भाव मिळतो, त्यात पॉलिहाऊसच्या कागदाचाही खर्च निघणार नाही, आणि तो कागद तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो.

वडिलांच्या चाऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण दुष्काळाच्या वर्षांत मका भिजवून ट्रेमध्ये चारा करायची लाट आपल्याकडे गावोगाव आली होती. गोव्यात आयसीएआर या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानेही त्यावर चांगलं काम केलं आहे. एक किलो मक्यापासून आठवड्यात पाच-सहा किलो हिरवागार चारा मिळतो, हे खरं. पण वजन वाढतं ते पाण्याचं. एक किलो कोरड्या मक्यात जवळपास ९०० ग्रॅम सुका अंश असतो. सहा किलो चाऱ्यात सुका अंश १३ टक्के धरला तर ७८० ग्रॅम. म्हणजे जनावराच्या पोटात जाणारं खरं अन्न थोडं कमीच झालं, कारण उगवताना दाण्याने स्वतःचाच साठा जाळला. चारा रुचकर आणि पचायला हलका होतो, हिरव्याची तहान भागते, हे फायदे आहेत. पण बुरशीचा धोकाही आहे. ट्रेमधून कुबट वास आला तर तो चारा जनावराला घालू नका. हिरवा चारा अजिबात नसेल त्या तीन महिन्यांपुरता तो ठीक. तुमच्याकडे दोन एकर आहेत. बांधांना नेपियर आणि दशरथ घास लावा, वडिलांच्या हिरव्या चाऱ्याला हातभार लागेल.

एक इशारा कळकळीने देते. 'आम्ही उभारून देतो आणि सगळा माल आम्हीच उचलतो' असं सांगणारे लोक तुमच्यापर्यंत येतील, कदाचित आले असतील. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने अशाच एका कंपनीच्या भरवशावर कर्ज काढलं. पहिले तीन माल उचलले, चौथ्याला 'प्रत बसत नाही' म्हणाले, पाचव्याला फोन उचलला नाही. करारात प्रत कोण ठरवणार हे लिहिलेलंच नव्हतं. लेट्यूस, बेझिल, बॉक चॉय यांचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतली हॉटेलं आणि ठरावीक सोसायट्या, एवढंच. हिवाळ्यात उघड्या शेतातलं लेट्यूस आलं की भाव पडतो. पावसाळ्यात ते सडतं, तेव्हा आपला भाव लागतो. माझा वर्षाचा नफा मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आहे.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? जमीन आहे, शेण आहे, वडील शेतात आहेत आणि तुम्ही आठवड्याचे पाच दिवस पुण्यात आहात. हायड्रोपोनिक्सला रोज सकाळी ईसी-पीएच बघणारा, मुळी उलटून पाहणारा माणूस लागतो, आणि वडिलांवर त्या वयात मीटर लादणं बरं नाही. म्हणून दोन एकरांपैकी एक एकर या पावसाळ्यात ताग गाडून सेंद्रियकडे वळवा, पीजीएसचा गट गावात आहे का बघा. हायड्रोपोनिक्सची हौस खरी असेल तर पुण्याच्या गॅलरीत चाळीस रोपांचा एक संच लावा. एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यासकट, स्वतः सांभाळा आणि त्या वर्षात दहा गिऱ्हाइकं पक्की करा. जमिनीचा एखादा तुकडा चोपण असेल, जिथे काहीच धड येत नाही, तर पुढे पॉलिहाऊस तिथे घाला. चांगल्या मातीवर खडी-सिमेंट ओतून पाण्यावरची शेती करू नका, एवढं माझं मागणं आहे.

आणि या शनिवारी गावी जाल तेव्हा विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्या. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळा, काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावून दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत द्या. पीएच, ईसी, बायकार्बोनेट, सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम एवढं लिहून मागा. एक नमुना आत्ता आणि एक मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर. माझ्या विहिरीचा ईसी पावसाळ्यानंतर ०.६ असतो आणि मे अखेरीस १.३.